थोरलीचा घास

"आई, त्या नारळाला जरा खाली टेकू दे. कराडपासून मांडीवर घेऊन बसलीयस," मी म्हटलं.

"खाली नाही ठेवायचा. थोरल्या बाईंच्या ओटीचा आहे," आई म्हणाली आणि पदर आणखी घट्ट धरला.

आमची एसटी तेव्हा उत्तूरच्या पुढे निघाली होती. खिडकीतून धूळ येत होती, आई पहाटेपासून उपाशी होती आणि मी चिडलेली होते. चिडायला मला फारसं कारण लागत नाही हे माझी सून तुम्हाला सांगेलच. पण त्या दिवशी कारण होतं. माझं ठरलेलं लग्न मोडायची वेळ आली होती, आणि ते मोडत होती कोण, तर एक बत्तीस वर्षांपूर्वी मेलेली बाई.

थोरल्या बाई म्हणजे माझ्या बाबांची पहिली बायको, गोदावरी. लग्नानंतर चार वर्षांत क्षयाने गेली, माहेरीच गेली, एवढंच आम्हाला ठाऊक. मग चव्वेचाळीस साली माझी आई, द्वारका, तिच्या जागी पोतदारांच्या घरात आली. आमच्यात दुसरेपणावर आलेल्या बाईने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. अंगठ्याच्या पेराएवढा चांदीचा पत्रा, त्यावर बाईचा उठाव. बाबा सोनार, त्यामुळे तो त्यांनीच घडवला होता. बत्तीस वर्षांच्या घामाने आणि साबणाने तो इतका झिजला होता, की त्यावर नाक कुठलं नि डोळे कुठले, काही कळायचं नाही.

पण आईला ते डोळे दिसायचे. नवी साडी आधी टाकाला लावायची, मग नेसायची. दर पितृपक्षात अविधवा नवमीला थोरल्या बाईंच्या नावाने सवाष्ण जेवायची, पुरणपोळीचं पान कावळ्याला जायचं, आणि कावळा शिवेपर्यंत आई दारात हात जोडून उभी. रोजच्या जेवणातही पहिला घास ताटाच्या कडेला काढून ठेवायचा. तो थोरलीचा. मग आईचा दुसरा.

एवढी भीती कशाची? तर माझ्या आधी आईला दोन मुलगे झाले. एक सातव्या दिवशी गेला, दुसरा नवव्या. दोन्ही वेळेला आजी, म्हणजे बाबांची आई, एकच वाक्य बोलली, "थोरलीनं नेलं." झालं. मी झाले तेव्हा मला पाच वर्षं सगळे 'धोंडी' म्हणत होते, थोरलीला माझा मोह पडू नये म्हणून. शाळेत घालताना हेमलता हे नाव लागलं. त्याआधी मी दगड होते.

आणि आता रत्नाकर. इचलकरंजीचा मुलगा, मागांच्या मोटारी दुरुस्त करायचा, हसला की मान वाकडी करायचा. मला तो फार आवडला होता. तेव्हा हे घरात बोलायची सोय नव्हती, आता बोलते. साखरपुड्याच्या दिवशी आई पंगतीसाठी आमटी ढवळत होती आणि टाकाची कडी तुटली. टाक थेट आमटीच्या पातेल्यात. बाबांनी पाच मिनिटांत डाग देऊन कडी जोडली. पण आईचे हात जे गार पडले ते पडलेच.

"थोरल्या बाईंच्या मनात नाही हे लग्न. दोन नेले, आता हिला नेतील," ती म्हणाली.

रडून झालं, भांडून झालं. शेवटी तिने एकच तोड काढली. थोरल्या बाईंच्या माहेरी जायचं, त्या घरातल्या सवाष्णीची ओटी भरायची आणि त्यांची रजा मागायची. रजा मिळाली असं मनाला वाटलं तर लग्न, नाहीतर नाही.

आजीने हयातभर त्या घराशी संबंध ठेवू दिला नव्हता. ती दोन वर्षांपूर्वी गेली होती, त्यामुळे आता अडवणारं कुणी नव्हतं. पण नवल म्हणजे, कधी कशाला नाही न म्हणणारे आमचे बाबा एकदम म्हणाले, "तिथं कोणी राहिलं नाही. सगळी मुंबईला गेली." म्हणता म्हणता फुंकणीवर बोट भाजून घेतलं.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. माझ्यापासून गावं लपत नाहीत. थोरल्या बाईंचं माहेर आजऱ्याकडचं. तिथल्या ऑपरेटरला दुपारच्या मोकळ्या वेळात विचारलं, तर ती म्हणाली, "माळेवाडीचं वेदपाठकांचं घर? आहे की! नर्सबाईंचं घर. कुणालाही विचारा."

बाबांना हे सांगितलं, तर ते नुसते ऐरणीकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशी पहाटे, कधी नव्हे ते, स्टँडवर सोडायला आले. गाडी हलताना खिडकीशी येऊन मला म्हणाले, "हेमा, आईला सांभाळ हं. काही झालं तरी सांभाळ." मला वाटलं, तिला गाडी लागते म्हणून म्हणताहेत.

माळेवाडीत उतरलो तेव्हा ऊन टाळूवर आलं होतं. एका बाईने बोट दाखवलं. कौलारू लहान घर, पुढे स्वच्छ अंगण, दोरीवर पांढऱ्या साड्या वाळत घातलेल्या. ओट्यावर एक बाई तान्ह्या पोराला झोळीच्या काट्याला लावून तोलत होती आणि त्याच्या आईला झापत होती.

"वरचं दूध घातलंस ना? खरं सांग. तोंडावर लिहिलंय तुझ्या."

पन्नाशीची असेल. उंच, खणखणीत, कपाळाला ठसठशीत कुंकू. ती पोरगी बाळ घेऊन गेल्यावर आमच्याकडे वळून म्हणाली, "या की. कुठल्या तुम्ही?"

"कराडच्या," आई म्हणाली. "पोतदारांकडच्या. हे गोदावरीबाईंचं माहेर ना? वारल्या त्या, क्षयानं?"

त्या बाईच्या हातातला काटा एकदम खाली गेला. तिने दाराची चौकट धरली. मी म्हटलं, झालं, आता ही हाकलून देते. पण ती म्हणाली, "हो. तिचंच घर. आत या. उन्हात उभ्या राहू नका."

पाणी दिलं. गूळ दिला. आईने गूळ हातात धरून ठेवला, खाल्ला नाही.

"मी त्यांच्या जागेवर आलेली," आई म्हणाली. "ही माझी मुलगी. एकुलती. हिचं लग्न ठरलंय. घरात कुणी सवाष्ण असेल तर ओटी भरायची होती, थोरल्या बाईंच्या नावानं."

"घरात मी एकटीच. भाऊ-वहिनी मुंबईला असतात."

"तुम्ही सवाष्ण आहात ना?"

ती बाई जराशी हसली. "आहे. नवरा आहे. माझ्याजवळ नसतो, एवढंच."

"मग बसा पाटावर. नाही म्हणू नका."

ती नको नको म्हणत होती. पण आईपुढे त्या दिवशी कुणाचं काही चाललं नसतं. पाट मांडला, हळदीकुंकू लावलं, पदरात तांदूळ, हळकुंड, सुपारी, खण, हिरवी साडी आणि तो कराडपासून आलेला नारळ. मग आई खाली बसली, तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि बोलायला लागली. मी आजवर आईला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

"थोरल्या बाई, मी तुमचं काही घेतलं नाही हो. मला सतरा वर्षांची आणून उभी केली. तुमच्या चुलीपाशी बसले, तुमच्या जागेवर निजले, पण रोज तुम्हाला विचारून. तुमचा घास काढल्याशिवाय एक दिवस जेवले नाही. माझे दोन नेलेत, मी हूं की चूं केलं नाही. म्हटलं, तुम्हाला मूल नव्हतं, तुमचा जीव गुंतला असेल. पण ही एक मला ठेवा. हिला नेऊ नका. हिच्या बदल्यात मला न्या, मी आत्ता यायला तयार आहे."

मी वर बघितलं. पाटावरच्या बाईचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने भरलेली ओटी एका हाताने सावरली आणि दुसऱ्या हाताने आईचा दंड धरला.

"ऊठ," ती म्हणाली. "ऊठ गं बाई. मी कुणाला नेलं नाही."

आई तशीच.

"ऊठ म्हणते ना! माझ्याकडे बघ. मीच गोदावरी. मी मेलेली नाही. मी मेलेच नव्हते कधी."

आईने मान वर केली. आधी तिचं कुंकू बघितलं, मग मंगळसूत्र, मग पाय. खरंच सांगते, आईने तिचे पाय उलटे आहेत का ते बघितलं. मग मागे सरकली आणि भिंतीला टेकून बसली.

"हेमा," ती मला म्हणाली, "या काय म्हणताहेत गं?"

मी काय सांगणार, कप्पाळ! मी पाण्याचा तांब्या आणला.

मग त्या बोलल्या. क्षय झाला म्हणून सासूने माहेरी पाठवलं, ते मरायलाच. दोन वर्षं झाडाखाली खाट टाकून निजल्या, वडिलांनी दूध आणि अंडी घातली, आणि मेल्या नाहीत. ताप गेला, अंगावर मांस आलं. तेव्हा आमची आजी स्वतः माळेवाडीत आली.

"म्हणाल्या, मुलासाठी दुसरी बघितलीय. तू आलीस तर मागच्या खोलीत राहा, ती पुढं राहील," थोरल्या बाई सांगत होत्या. "माझ्या आईला सवत होती गं. एका चुलीवर दोघी. दोघींचं मातेरं झालं, मी डोळ्यांनी बघितलं होतं. मी म्हटलं, मी येत नाही. आणि त्या पोरीला सांगा, पहिली मेली म्हणून. जिवंत सवतीचा धाक कशाला तिच्या डोक्यावर? मेलेली बिचारी काय करणार आहे?"

आई भिंतीला टेकून ऐकत होती. तिचं तोंड हळूहळू उघडलं.

"काय करणार आहे?" ती म्हणाली. "अहो, काय नाही केलंत तुम्ही! बत्तीस वर्षं मला धड झोप नाही! मांजर आडवं गेलं तरी तुम्ही, दूध नासलं तरी तुम्ही, हिला गोवर आला तरी तुम्ही!"

"मी इथं लोकांची बाळंतपणं करत होते!"

"मला काय ठाऊक!"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग थोरल्या बाईंना हसू आलं. त्यांनी ते दाबायला बघितलं, पण ओटीतला नारळ गडगडत खाली गेला आणि आईही हसायला लागली. हसता हसता दोघी रडायला लागल्या. मी मात्र शुद्ध रडत होते. माझा जीव भांड्यात पडला होता, रत्नाकर वाचला होता.

डोळे पुसून झाल्यावर थोरल्या बाई एकदम नर्सबाई झाल्या. "ते दोन मुलगे. कसे गेले, सांग मला."

आईने सांगितलं. पहिले काही दिवस छान प्यायचे. मग तोंड मिटायचं, दूध ओढता यायचं नाही, अंग ताठ व्हायचं.

"नाळ कशानं कापली होती?"

"विळ्यानं. सासूबाईंनीच कापली. घरातली रीत होती."

"आणि ही कुठं झाली?"

"हिच्या वेळी अडले होते. दवाखान्यात नेलं."

"म्हणून ही जगली." त्यांनी आईचा हात हातात घेतला. "धनुर्वात होता तो, द्वारका. विळ्याचा. मी या तालुक्यात अशी कितीतरी बघितलीत. आता प्रत्येक घरात जाऊन सांगते, कात्री उकळून घ्या. तुझी पोरं कुणी नेली नाहीत गं. कुणाचा राग नव्हता तुझ्यावर."

आई त्यांच्या हातावर कपाळ टेकून कितीतरी वेळ बसली. तिची पाठ हलत होती, पण आवाज नव्हता. मी उठले आणि परसात जाऊन उगीचच पाणी शेंदलं.

जेवायला तीन वाजले. आजऱ्याचा घनसाळ भात, नुसता वास घेतला तरी पोट भरावं असा. कुळथाचं पिठलं, लसणाची चटणी. तिघी रांगेने बसलो. आईने भात कालवला, पहिला घास केला आणि सवयीने ताटाच्या कडेला काढून ठेवला.

"तो कुणाचा?" थोरल्या बाईंनी विचारलं.

आई ओशाळली. "तुमचा."

"मग दे की इकडं."

त्यांनी तोंड पुढे केलं. आईने तो घास उचलून त्यांना भरवला. त्यांनी चावून, नीट गिळून म्हटलं, "इतकी वर्षं कावळ्यांनी खाल्ले माझे."

रात्री तिथेच राहिलो. सकाळी आई वेणी घालत असताना तिचा टाक पदराबाहेर आला. थोरल्या बाईंची नजर गेली.

"हा माझा?"

"तुमचाच. ह्यांनी स्वतः घडवला."

त्यांनी तो तळहातावर घेतला, अंगठ्याने पुसला आणि दारातल्या उजेडात नेला. तिरका केला. पुन्हा तिरका केला.

"हा मी नव्हे," त्या म्हणाल्या. "हे बघ. इथं खाली सिंह आहे. झिजलाय, पण शेपूट बघ वर गेलेली. आणि ही डाव्या कडेची रेघ. मामंजींच्या पेटीत अंबाबाईचा काशाचा ठसा होता, त्याला चीर गेलेली. त्यावर पत्रा ठोकला की ही रेघ उठायचीच. दर दिवाळीला मी चिंच लावून घासायचे ते ठसे."

"म्हणजे?" आईने विचारलं.

"म्हणजे त्यांनी माझा टाक पाडलाच नाही. ठाऊक होतं ना, मी जिवंत आहे ते." त्या टाकाकडे बघत राहिल्या. "आईपुढं बोलायची छाती नव्हती त्यांची. पण एवढं केलं."

मला बाबांचा भयंकर राग आला. एक शब्द बोलले असते तर आईची बत्तीस वर्षं वाचली असती. तो राग अजून थोडा शिल्लक आहे. पण आई टाक हातात घेऊन म्हणाली, "म्हणजे मी इतकी वर्षं अंबाबाई गळ्यात घालून फिरत होते आणि तिलाच घाबरत होते!" तिचा आवाज इतका मोकळा झाला होता, की मी गप्प बसले.

निघताना थोरल्या बाईंनी माझी ओटी भरली. त्यात आईने आणलेलाच नारळ घातला.

कराडला पोचलो तेव्हा चार वाजले होते. बाबा दुकानात ऐरणीपाशी बसले होते, हातात काम नव्हतं. आईने चप्पल काढली, गळ्यातला टाक काढला आणि ऐरणीवर ठेवला.

"हा ठसा कुणाचा?"

बाबांनी मान खाली घातली. "अंबाबाईचा."

"सांगितलं का नाहीत?"

"आईला शब्द दिला होता. पुढं आई गेली, तेव्हा वाटलं, आता कुठल्या तोंडानं सांगू." बाबा ऐरणीकडे बघूनच सांगत होते. "जिवंत बाईचा टाक पाडायला हात उचलेना माझा."

"आणि मी रोज मरत होते, ते दिसत नव्हतं?"

आईने टाक उचलून त्यांच्यापुढे धरला. "ही कडी परत पक्की करा. मला रोज घालायचाय."

मी आत जाऊन भात टाकला, घाईघाईने आमटी केली. बाबा येऊन उंबऱ्याशी बसले, आणि त्यांनी विचारलं, "बरी आहे का ती?"

"खणखणीत आहे," आई म्हणाली. "लग्नाला येणार आहे. पहिल्या पंगतीत बसवायची. आणि तुम्ही स्वतः वाढायचं. मान वर करून."

बाबा हो म्हणाले. पुढे वैशाखात त्यांनी ते केलंही, जिलबी वाढताना ताटाबाहेर पडली तरी.

मग आई जेवायला बसली. भात कालवला, पहिला घास उचलला. हात आपोआप ताटाच्या कडेला गेला आणि तिथे थांबला. तिने माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि घास तोंडात घातला.

"हेमा," ती म्हणाली, "आमटीत मीठ कमी पडलंय गं."